"आमका काय गावतला?" : मालवण किनाऱ्यावरची खाडी, कांदळवन आणि गावाचा वाटा



आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत जरा भारदस्त छापलंय : नदीकाठच्या वन्यजीवांचं आणि अधिवासांचं लोकसहभागातून संवर्धन. आम्ही मात्र सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करणार आहोत. मालवण, वेंगुर्ला, देवगड या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात संवर्धनाची बैठक लावा. पाहुणे बोलतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, चहा होतो. मग मागच्या बाजूने कोणीतरी उठतं आणि मालवणीत विचारतं, "ह्येतून आमका काय गावतला?" यातून आम्हाला काय मिळणार?

बाहेरून आलेल्यांना हा प्रश्न खटकतो. निसर्गाचं एवढं मोठं काम चाललंय आणि ही माणसं हिशेब मांडतायत, असं वाटतं. खरं सांगायचं तर आमचीही सुरुवातीला तीच समजूत होती. आता मत बदललंय. हा प्रश्न योग्य आहे, फक्त तो एकटा पुरेसा नाही. त्याला आणखी दोन भावंडं आहेत. दुसरा प्रश्न, "ठरवतलो कोण?", म्हणजे नियम ठरवणार कोण. आणि तिसरा, "वरसून काय इला तर?", म्हणजे नदीच्या वरच्या अंगाने काही आलं तर आम्ही काय करायचं. या तीन प्रश्नांची उत्तरं जिथे मिळतात तिथे संवर्धन टिकतं. जिथे एकाचंच मिळतं तिथे ते प्रकल्प संपला की संपतं. आजचं सगळं बोलणं या तीन प्रश्नांभोवती आहे.

आधी खाडी समजून घेऊ

सिंधुदुर्गाला साधारण १२१ किलोमीटरचा किनारा आहे आणि पाठीशी सह्याद्री उभा आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यात अंतर फार थोडं. त्यामुळे आपल्या नद्या आखूड. उगमापासून मुखापर्यंत शंभर किलोमीटरही भरत नाहीत. तिकडे आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे पावसाळ्यात प्रचंड पाणी वेगाने खाली येतं, आणि उन्हाळ्यात नदी जवळजवळ थांबते. तेव्हा समुद्र आत शिरतो. कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते, गड नदी कालावलच्या खाडीतून. या मुखांच्या आत कित्येक किलोमीटर पाणी खारं, मचूळ, गोडं असं ऋतूप्रमाणे बदलत राहतं. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. पंधरवड्यातून एकदा उधाण, एकदा भांग. या बदलत्या पाण्याला आपण खाडी म्हणतो.

असल्या पाण्यात जगणं सोपं नाही, पण ज्यांना जमलं त्यांना अन्न भरपूर. नदी डोंगरातून पालापाचोळा, माती आणते. भरती समुद्राची पिल्लं आत आणते. आणि या दोघांच्या मधे कांदळवन उभं असतं.

कांदळवनाची झाडं बघा. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कारण खालच्या चिखलात हवा नसते. ती मुळं श्वास घेतात. तिवराच्या पानाला जीभ लावली तर खारट लागतं. जास्तीचं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. कांदळाने वेगळाच मार्ग काढलाय. त्याचं बी झाडावरच रुजतं, शेंगेसारखं लांब वाढतं आणि मग खाली पडतं. चिखलात उभं राहिलं तर तिथेच झाड, नाहीतर भरतीबरोबर तरंगत दुसरीकडे. चिपी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. तिची पांढरी चिपी ही जात २०२० साली महाराष्ट्राने राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर केली.

या मुळांच्या जाळीत मोठा मासा शिरू शकत नाही, म्हणून लहान पिल्लं तिथे वाढतात. कोळंबीची, काळुंदराची, खेकड्यांची. मुळांना कालवं चिकटतात. चिखलात खुबे. त्यांच्यामागे बगळे, खंड्या, आणि नशीब असेल तर पहाटे पाणमांजर. म्हणजे आपण ज्याला वन्यजीव म्हणतो आणि आई ज्याला आमटी म्हणते, ते एकाच चिखलात वाढतात. इथून पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. खाडीकाठच्या माणसाला निसर्गापासून वेगळा काढून निसर्ग राखता येत नाही. तो त्याच जाळ्यातला आहे.

पहिला प्रश्न : आमका काय गावतला?

२०१२ साली राज्याच्या वनविभागात कांदळवन कक्ष सुरू झाला. त्याच सुमारास केंद्र शासन, राज्य शासन, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा निधी यांचा एक प्रकल्प सिंधुदुर्गात आला. त्यात जंगलावर पहारा बसवण्यापेक्षा मासेमारी, शेती, पर्यटन हे व्यवसायच निसर्गाला सांभाळून कसे करता येतील, हे बघायचं होतं.

एक उदाहरण जाळ्याचं घ्या. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीची आस साधारणपणे शंकरपाळ्याच्या आकाराची असते. जाळं ओढलं की ताणाने ती मिटते, आणि अंगठ्याएवढी पिल्लंसुद्धा अडकतात. त्यांना बाजारात भाव नाही. तीच आस ४० मिलिमीटरची आणि चौकोनी ठेवली, तर ओढताना उघडी राहते आणि पिल्लं निसटतात. प्रकल्पात मालवणला असली जाळी वापरून बघितली गेली. बदल केवढा? दोरा तोच, गाठीची दिशा वेगळी. पण खाडीत वाढून समुद्रात गेलेलं पिल्लू पुन्हा मोठं होऊन हाताशी येण्याची शक्यता त्यावर ठरते.

दुसरं उदाहरण वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीचं. २०१७ मध्ये तिथे स्वामिनी महिला बचत गटाने कांदळवन सफारी सुरू केली. घरं मासेमारीची, बायका मासळी विकणाऱ्या. त्यांनी झाडांची नावं, पक्ष्यांच्या सवयी शिकून घेतल्या, वल्हं मारायला त्या शिकल्या, आणि पर्यटकाला होडीत बसवून खाडी दाखवू लागल्या. इंजिन नाही, त्यामुळे खंड्या उडून जात नाही आणि बोलणं ऐकू येतं.

यात पैसा आला, ते महत्त्वाचं आहेच. पण त्याहून एक गोष्ट झाली. ज्या झाडाकडे कालपर्यंत सरपण म्हणून बघितलं जायचं, ते झाड उभं असेल तरच उद्याची फेरी. शिवाय जी बाई रोज त्याच पाण्यातून होडी नेते, तिला कुठे भराव पडला, कुठे कुऱ्हाड लागली, कुठे गोणीभर कचरा आला, हे सगळ्यात आधी कळतं. असा पहारेकरी कुठलंही खातं पगारावर ठेवू शकत नाही.

२०१७ पासूनच कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजनेखाली किनाऱ्यावरच्या गावांत सहव्यवस्थापन समित्या झाल्या. बचत गटांना खेकडापालन, कालवंपालन, शिनाणेपालन यांसाठी अनुदान मिळू लागलं. अटींचा गाभा असा, की गावाने कांदळवन राखायचं आणि त्याच्याच आधाराने कमवायचं.

आता अडचणीही सांगायला हव्यात, नाहीतर हे जाहिरातीसारखं होईल. चिखलातला मोठा खेकडा कात टाकतो तेव्हा मऊ पडतो, आणि शेजारचा खेकडा त्याला खाऊन टाकतो. म्हणजे जितके सोडले तितके हाती येत नाहीत. त्यांना खायला बारीक मासळी लागते. ती पुन्हा ट्रॉलरच्या जाळ्यातली असेल तर एका हाताने वाचवायचं आणि दुसऱ्या हाताने मारायचं, असं होतं. सफारी पावसात बंद. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटन एका दिवसात थांबलं, तेव्हा नुसत्या पर्यटनावर उभं राहणं किती कच्चं असतं ते सगळ्या किनाऱ्याने बघितलं. म्हणून उत्पन्न हवं, पण ते दोन-तीन पायांवर उभं हवं : थोडी मासळी, थोडी कालवं, थोडे पाहुणे, थोडी भातशेती.

दुसरा प्रश्न : ठरवतलो कोण?

१९८७ च्या एप्रिलमध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात गाभा तीन चौरस किलोमीटरहून थोडा जास्त, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. शास्त्राच्या बाजूने बघाल तर निवड चुकीची नव्हती. तिथे प्रवाळ आहेत, खडकाळ तळ आहे, माशांना आसरा आहे. तरीही मच्छीमारांचा विरोध झाला आणि तो वर्षानुवर्षं राहिला. त्यांची भीती साधी होती : पिढ्यान्‌पिढ्यांचं मासेमारीचं पाणी नकाशावरच्या एका रेषेत जाईल, आणि मग आपल्याच दारात आपण गुन्हेगार ठरू.

कोणी म्हणेल, सामायिक मालमत्ता लोकांच्या हाती ठेवली तर लोक ती ओरबाडतातच. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये हाच मुद्दा मांडला आणि तो जगभर गाजला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र देशोदेशींची कुरणं, कालवे, मासेमारीची पाणी तपासली आणि १९९० च्या आपल्या पुस्तकात दाखवलं, की वापरणारेच नियम करत असतील, एकमेकांवर लक्ष ठेवत असतील आणि मोडणाऱ्याला आधी हलका, मग कडक दंड होत असेल, तर सामायिक गोष्टी शतकानुशतकं टिकतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मालवणच्या माणसाला यात नवं काय? त्याने रापण बघितलेली असते. किनाऱ्यावरून लावलेलं लांबलचक जाळं, दोन्ही टोकांना गावची माणसं, आणि ओढून झाल्यावर मासळीचे वाटे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. कोणाला किती, हे लिहिलेलं नसतं, पण ठरलेलं असतं. किंवा आचऱ्याची गावपळण आठवा. देवाचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातं. हेतू श्रद्धेचा आहे, पर्यावरणाचा नाही. पण एक गोष्ट त्यातून दिसते. सगळ्यांनी मिळून ठरवलेली गोष्ट अख्खं गाव पाळतं, आणि त्यासाठी प्रत्येक दारात पोलीस उभा करावा लागत नाही.

दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे भालांडेश्वराची राई आहे. राईत पाणथळ जागा आहे आणि तिथे जंगली जायफळाची एक दुर्मिळ जात उभी आहे, चिखलातून वर आलेल्या मुळांवर. थेट कांदळवनासारखी, पण गोड्या पाण्यात. शास्त्रज्ञांनी ही जागा जगापुढे मांडली. २०२१ मध्ये २.५९ हेक्टरला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. मात्र ती झाडं इतकी वर्षं उभी राहिली ती अधिसूचनेमुळे नव्हे. देवाच्या राईतलं लाकूड तोडायचं नाही, एवढा एकच नियम गावाने पाळला. शासनाने इथे चांगली गोष्ट केली ती ही, की गावाच्या नियमावर कायद्याचा शिक्का मारला, त्याच्या जागी दुसरा नियम आणला नाही.

कायद्यात अशी सोय आहे, हे आपल्याला फारसं माहीत नसतं. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. वन्यजीव संरक्षण कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीने सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद आली. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मालवणचं नाव नाजूक किनारी क्षेत्रांमध्ये आहे, आणि तिथेच लिहिलंय की अशा क्षेत्रांचं व्यवस्थापन मच्छीमारांसह किनाऱ्यावरच्या समाजाच्या सहभागाने करायचं. शब्द कागदावर आहेत. समितीची बैठक होते का, नोंदवही खरोखर गावात फिरून भरली जाते की टेबलावर, तिथे खरं पाणी मुरतं.

तिसरा प्रश्न : वरसून काय इला तर?

समजा, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली. गावाला वाटा मिळाला, निर्णयही गावाच्या हाती आला. तरी खाडी वाचेलच असं नाही. कारण खाडी हे नदीचं शेवटचं टोक आहे. वर जे होतं ते खाली पोचतं.

पहिलं उदाहरण चढणीच्या माशांचं. मृगाचा पाऊस लागला, ओहोळ वाहू लागले, की मासे अंडी घालायला खालून वर चढतात, थेट शेताच्या बांधापर्यंत. रात्री बत्ती घेऊन चढणीचे मासे धरायला जाणं ही आपल्याकडची मोठी हौस, आम्हीही केलेली. पण पोटात गाबोळी असलेली मादी म्हणजे पुढच्या वर्षीचा अख्खा वाफा. पूर्वी चार माणसं जायची, बाकीचा ओहोळ मोकळा असायचा. आता नायलॉनचं जाळं ओहोळाच्या या काठापासून त्या काठापर्यंत लागतं. उन्हाळ्यात नदीच्या कोंडीत ब्लीचिंग पावडर टाकली की मोठ्या माशाबरोबर पिल्लं, खेकडे, शेवाळ सगळं मरतं, आणि पाणमांजराला तिथे खायला काही उरत नाही.

दुसरं वाळूचं. आपल्याकडे हातपाटीने वाळू काढायची पद्धत होती. माणूस बुडी मारणार, पाटी भरून वर येणार. माणसाच्या दमाला मर्यादा असते, म्हणून उपशालाही मर्यादा होती. सक्शन पंपाला दम लागत नाही. खाडीचा तळ खोल गेला की दोन्ही काठ त्या खड्ड्याकडे सरकतात. कांदळाची मुळं उघडी पडतात, माड कलंडतात, खारं पाणी आणखी आत जाऊन विहिरी मचूळ होतात. देवबाग आणि तळाशील ही गावं तर खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर वसलेली. त्यांना दोन्हीकडून धूप. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाळूसारख्या गौण खनिजांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. नियम झाला. पण रात्रीच्या पंपाचा आवाज काठावरच्या घराला ऐकू येतो, तालुक्याच्या कचेरीला नाही. त्या घराने तक्रार करावी, तर उद्या त्याच गावात राहायचं असतं.

म्हणून एका गावाची समिती पुरत नाही. नदी हे एकक धरायला हवं. २०११ साली प्राध्यापक माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला, तेव्हा सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या अनेक ग्रामसभांनी आपला भाग संवेदनशील जाहीर करा, असे ठराव केले होते. वरच्या गावांनी घेतलेला तो निर्णय खालच्या खाडीच्याही कामाचा आहे. डोंगर उघडा पडला तर पहिल्या पावसात त्याची माती कालवांवर येऊन बसते. पण वरच्या गावातल्या माणसाला खालच्या खाडीतलं काय मिळतं? इथे पुन्हा पहिला प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं सोपं उत्तर आमच्याकडे नाही. सुरुवात एवढीच होऊ शकते, की एका नदीवरच्या गावांच्या समित्यांनी वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, एकत्र बसावं. पहिल्या पावसाचे काही दिवस ओहोळाचा निम्मा पात्रभाग मोकळा ठेवायचा, एक-दोन कोंडी राखून ठेवायच्या, पंप दिसला तर एकट्या घराने नव्हे तर पाच ग्रामपंचायतींनी मिळून पत्र द्यायचं. या गोष्टींना निधी लागत नाही.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*पर्यटक आले की कचरा आणि गोंगाट येतो. मग सफारीने संवर्धन होतं असं कसं म्हणायचं?*

आपोआप होत नाहीच. किती होड्या, किती फेऱ्या, इंजिन चालेल की नाही, हे आधी ठरवलं तर होतं. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला किंवा रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला गर्दी होते. तिथे दोरीच्या मागे उभं राहायचं, पिल्लाला हात लावायचा नाही, हे गावची पोरं सांगतात आणि पाहुणे ऐकतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर गावाने हे काम उभं केलं. पूर्वी जिथून अंडी उचलून नेली जात होती, तिथेच ती राखली जाऊ लागली. फरक संख्येवर ताबा ठेवण्यात आहे. तो ताबा सुटला की पर्यटन हाही एक सक्शन पंपच.

*गावात तरुण उरलेच नाहीत, सगळे मुंबई-गोव्याला. हे करणार कोण?*

हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, आणि आम्ही त्याला गोड उत्तर देणार नाही. पण मांडवी खाडीत वल्हं कोणाच्या हातात आहे ते बघा. ज्या बायका गावात राहिल्या, त्यांच्या. खाडीत कुठे कालवं आहेत, कुठल्या उधाणाला खुबे मिळतात, हे ज्ञान बहुतेक त्यांच्याकडेच असतं, कारण ओहोटीला चिखलात उतरतात त्याच. गंमत अशी, की समितीच्या बैठकीत मात्र त्या मागच्या रांगेत असतात. नोंदवही भरायची असेल तर आधी त्यांना विचारा. आणि चाकरमानी गणपतीला गावी येतो, तेव्हा त्याला आरतीबरोबर एक फेरी खाडीवर मारायला सांगा. लहानपणी त्याने जिथे गळ टाकला, ती जागा अजून आहे का, एवढं तरी त्याने बघून जावं. मुंबईहून एक फोन, एक अर्ज, माहितीच्या अधिकारातली एक चौकशी त्याला गावातल्या माणसापेक्षा सोपी जाते, कारण उद्या सकाळी त्याला वाळूवाल्याचं तोंड बघायचं नसतं.

वेळ संपत आलीय. पुढच्या वेळी बैठकीत मागच्या रांगेतून कोणी "आमका काय गावतला?" विचारलं, तर त्याला खुर्ची पुढे आणायला सांगा, आणि उरलेले दोन प्रश्नही त्यालाच विचारा.